खोट्या युद्धातला खरा रोल

मित्रांनो, सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिन गावाच्या जुन्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानाला लागून हाशमभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर मी बसलेलो असतो. काळा, वजनदार, कोपऱ्यांवरचा रंग उडून पितळ दिसू लागलेला, रोल घालून चालणारा कॅमेरा. वय चाळिशीच्या पुढे. माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाईक विचारते, "हा अजून चालतो?" तेव्हा हाशमभाई छाती फुगवून सांगतात, "सिनेमात काम केलंय त्याने!" पण ती गोष्ट एवढ्या एका वाक्यात मावणारी नाही. म्हणून आज मीच ती तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. अंगठ्याने खटका ओढला की रोल एक घर पुढे सरकतो, बटण दाबले की आतला पडदा उघडून मिटतो. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला. ती संपली तरी माझे काम अडत नाही, आणि याचा मला पहिल्यापासून अभिमान आहे. दम्मामच्या एका दुकानात काही वर्षे धूळ खाल्ल्यावर मला दाभोळहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुणाने उचलले. त्याने मला डोळ्याला लावले, कान देऊन खटक्याचा आवाज ऐकला आणि परत खाली ठेवलेच नाही. तो तरुण म्हणजे आमचे हाशमभाई.

पुढे कुवेतचे युद्ध पेटले. आमच्या गावाबाहेर देशोदेशीच्या फौजा उतरल्या. ते सैनिक घरी पाठवायला फोटो काढून घेण्यासाठी आमच्याकडे रांग लावत. विशी-बाविशीची मुले ती. हाशमभाई त्यांना हनुवटी वर करायला सांगत, आणि बटण दाबण्याआधी क्षणभर थांबत. त्या क्षणात त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे येई, ते मी आजही विसरलेलो नाही. युद्ध म्हणजे काय, ते मला तोफांनी नाही, त्या चेहऱ्यांनी शिकवले.

युद्ध संपले. मग वर्षानुवर्षे मी इकाम्याचे, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचे, फोटो काढले, लग्ने टिपली, बाळांची बारशी आणि अकीके टिपले. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतीवर माझे काम लटकत होते. आणि मग डिजिटल कॅमेरे आले. हाशमभाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. दिवसामागून दिवस गेले. मला डोळ्याला लावणारे कुणी उरले नाही. खोटे कशाला सांगू, तेव्हा मला फार एकटे वाटे.

त्या दिवसांत मला एकच आधार होता, हाशमभाईंची मुलगी दुआ. ती इथल्या भारतीय शाळेत शिकली. आई मराठीत बोले, ही इंग्रजीत उत्तर देई. पण माझ्यापाशी आली की ती गप्प होई. वडिलांकडून ती रोल भरायला शिकली, स्टुडिओच्या मागच्या डार्करूममध्ये रोल धुवायला शिकली. तेवीस वर्षांची झाली तेव्हा तिचा हात वडिलांपेक्षाही स्थिर होता.

एके सकाळी स्टुडिओत सानिका नावाची मुलगी आली. पुण्याची. रियाधमध्ये एका सिनेमा कंपनीत सेटवरचे सामानसुमान सांभाळण्याचे काम करणारी. तिने कपाटात मला पाहिले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, अगदी असाच हवाय! आमच्याकडचा पडला आणि अडकला. उद्यापासून शूटिंग आहे."

सिनेमा अमेरिकेवरचा होता. येणाऱ्या काळातली अमेरिका, दोन तुकडे झालेली. नदीच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरे, आणि मधल्या पुलावर बंदुका. एका लहानशा गावातल्या वर्तमानपत्राची फोटोग्राफर पलीकडे नेलेल्या माणसांचा शोध घ्यायला तो पूल ओलांडते, अशी कथा. त्यासाठी वादी अल बातिनच्या कोरड्या पात्रावर लाकडाचा आणि पत्र्याचा मोठा पूल उभारला होता. अलीकडे अमेरिकेतला पेट्रोल पंप, डाकघर, जळालेल्या गाड्या. हे सगळे आमच्या वाळवंटात!

हाशमभाई म्हणाले, "कॅमेरा एकटा जाणार नाही. माझी मुलगी बरोबर येईल."

"येऊ दे की. आमच्या नटीला रोल कसा भरायचा तेही माहीत नाहीये."

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. मेरेडिथ नावाची अमेरिकन नटी नायिका होती. पहिल्या दिवशी तिने मला पिशवीसारखे धरले. दुआने तिची बोटे एकेक करून जागेवर ठेवली. "दुसरा डोळा मिटू नका," ती इंग्रजीत म्हणाली. "बाजूला काय चाललंय ते त्याने बघायचं." दिग्दर्शकाने विचारले, आत रोल कशाला हवा? दुआ म्हणाली, "रिकामा कॅमेरा धरला की हात खोटे वाटतात." दिग्दर्शकाला ते पटले. रोज एक खरा रोल माझ्यात भरला जाऊ लागला. दुआ तो स्टुडिओत धुऊन दुसऱ्या दिवशी सानिकाकडे देई आणि सानिका वहीत नोंद करी.

त्या सेटवर मुनाफ नावाचे सुतार होते. श्रीवर्धनचे. सगळ्यांचे मुनाफचाचा. पुलाच्या तोंडाशी असलेला टेहळणीचा लाकडी मनोरा त्यांनीच उभा केला होता. दुआला पाहिले की ते हाक मारत, "काय गो पोरी, आज किती फोटो?"

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळपासून शमाल, म्हणजे उत्तरेकडचा वाळू उडवणारा वारा सुटला होता. मोठे कॅमेरे अजून झाकलेले होते, नुसती तालीम चालली होती. सिनेमा आधीच बाहेर फुटू नये म्हणून सगळ्यांचे मोबाइल फाटकावर जमा असत. मेरेडिथ मला घेऊन सराव करत होती. पूल, वाळू, माणसे, जे दिसेल ते टिपत होती.

तेवढ्यात काड्काड् आवाज झाला आणि मनोरा कलला. माणसे ओरडत पळाली. मनोरा आडवा झाला तेव्हा मुनाफचाचांचा उजवा पाय त्याखाली होता.

रुग्णवाहिका गेली. आणि तासाभरात सेटवर एकच वाक्य फिरू लागले. मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या दोन तारा मुनाफने कुणालाही न विचारता सोडल्या. सेटच्या सुरक्षेवर देखरेख करणारा सुपरवायझर प्रत्येकाला तेच सांगत होता. अपघाताच्या अहवालातही त्याने तेच लिहिले.

मग तो दुआकडे आला. हात पुढे करून म्हणाला, "आजचा रोल माझ्याकडे दे."

दुआने माझ्या पाठीवर हात घट्ट धरला. "रोल अजून संपलेला नाही, सर," ती म्हणाली. "धुतला की सानिकाकडे देईन. रोजच्यासारखा."

नियम तसाच होता. सुपरवायझर निघून गेला.

संध्याकाळी स्टुडिओत आल्यावर दुआने वडिलांना सगळे सांगितले. हाशमभाई हळूच म्हणाले, "बाळा, मोठी कंपनी आहे. आपण परक्या मुलखात. उद्या कुणी कफीलच्या, आपली हमी घेणाऱ्या मालकाच्या, कानाला लागलं, तर या वयात इकामा जाईल माझा. रोल न धुताच देऊन टाक. खलास."

"अब्बा, पण मुनाफचाचा?"

अपघाताचे कळताच मुनाफचाचांसाठी डबा घेऊन गेलेली दुआची आई नूरुन्निसा तेवढ्यात इस्पितळातून परतली होती. हातातला डबा तसाच भरलेला होता. ती तिथेच स्टुलावर बसली. "डब्याला हात लावला नाही त्याने," ती म्हणाली. "पायाचं दुःख नाही त्याला. सारखं एकच बोलतो. भाभी, सुपरवायझर साहेबाने सांगितलं म्हणून तारा सोडल्या. शूटिंगमध्ये दिसतात म्हणाला. मी स्वतःहून कशाला सोडीन? माझ्या हातचा मनोरा होता तो. आता श्रीवर्धनला काय तोंड दाखवू?"

हाशमभाईंनी पत्नीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. मग उठून त्यांनी दुकानाच्या दारावर 'बंद'ची पाटी लावली आणि डार्करूमचा दिवा मालवला.

मित्रांनो, चाळीस वर्षांत मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. आपल्या पोटात काय आहे ते कॅमेऱ्यालाही माहीत नसते. पडदा उघडतो, मिटतो, एवढेच आम्हाला कळते. मेरेडिथ नवखी होती. तिने नेम नीट धरला असेल का? माझा चाळीस वर्षांचा पडदा त्या वाऱ्यात, त्या वाळूत, ऐन वेळी अडखळला तर नसेल?

बापलेकीने मिळून रोल धुतला. वाळल्यावर हाशमभाईंनी तो दिव्यासमोर धरला. एकविसाव्या फोटोत मनोरा होता, शिडी होती, शिडीवर माणूस होता. पण सगळे धुरकट. चेहरे पुसल्यासारखे. हाशमभाईंनी डोळे मिटून घेतले.

"अब्बा, पुढचा बघा," दुआ म्हणाली.

बाविसावा फोटो लख्ख होता. लाल दिव्यात त्याचा कागद ट्रेमधल्या रसायनात टाकला आणि चित्र हळूहळू वर आले. शिडीवर मुनाफचाचा, हातात पाना, मान खाली वळवलेली, विचारल्यासारखी. शिडीच्या पायथ्याशी सुपरवायझर. त्याचे बोट वरच्या तारेकडे रोखलेले. तेविसाव्यात एक तार सुटून लोंबत होती आणि सुपरवायझरने अंगठा वर केला होता. शाब्बास म्हणतात तसा.

हाशमभाईंनी तो ओला कागद दोन्ही हातांनी उचलला. "उद्या मी पण येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुआच्या सांगण्यावरून सानिकाने सगळ्यांना दिग्दर्शकाच्या तंबूत बोलावले. शेजारी हाशमभाई उभे होते; दुआने आधी रोल सानिकाच्या हातात दिला, वहीत नोंद करवली, आणि मग टेबलावर ते दोन फोटो ठेवले.

सुपरवायझर म्हणाला, "यावरून काही सिद्ध होत नाही."

मेरेडिथ पुढे झाली. "हे मी काढलेत," ती म्हणाली. "महिनाभर मी फोटोग्राफरचं सोंग करतेय. हे एवढे दोनच खरे निघाले. रिपोर्ट बदलेपर्यंत मी मेकअपला बसणार नाही."

दिग्दर्शकाने फोटो उचलला, जवळून पाहिला आणि सुपरवायझरला विचारले, "हा अंगठा तुमचाच ना?"

सुपरवायझर तंबूचे कापड सारून बाहेर वाळूत निघून गेला.

त्याच संध्याकाळी अहवाल नव्याने लिहिला गेला. सुपरवायझरला कामावरून काढले. मुनाफचाचांना रियाधच्या मोठ्या इस्पितळात हलवले, तिथे दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि पाय वाचला. थोडा आखूड झाला, पण वाचला. दिग्दर्शक स्वतः त्यांच्या खाटेपाशी गेला. चूक आमची होती, असे त्याने सगळ्या सुतारांसमोर सांगितले. त्या दिवशी मुनाफचाचा पोटभर जेवले. नूरुन्निसाच्या डब्यातली कोळंबीची आमटी त्यांनी मागून घेतली.

सुतारांनी मनोरा पुन्हा उभारला. या वेळी चार तारा. दिग्दर्शक म्हणाला, दिसू देत. सिनेमात त्या दिसतातही.

सिनेमा रियाधच्या थिएटरला लागला तेव्हा सगळे पाहायला गेले. थिएटरमध्ये कॅमेरा नेऊ देत नाहीत, त्यामुळे मी कपाटातच राहिलो. पण दुआने परत आल्यावर मला सगळे सांगितले. पडद्यावर मी म्हणे दारापेक्षाही मोठा दिसत होतो. माझ्या खटक्याच्या आवाजाने सारे थिएटर दचकत होते. शेवटी नावे आली, त्यात दुआचे नाव होते आणि सुतारांच्या यादीत मुनाफचाचांचेही. हाशमभाई ती नावे संपेपर्यंत उभे राहिले. झाडूवाला आला तरी हलले नाहीत. मित्रांनो, मी आजवर खूप स्तुती ऐकली, पण त्या संध्याकाळी माझे पितळ सोन्याचे झाले.

दुआ आता रियाधच्या एका वृत्तसंस्थेत फोटोग्राफर आहे. सुट्टीत घरी आली की आधी मला उचलते.

गेल्या महिन्यात मुनाफचाचा कायमचे गावी निघाले. जाण्याआधी काठी टेकत स्टुडिओत आले. म्हणाले, "हाशमभाय, फोटो काढा माझा. याच कॅमेऱ्याने. आणि पायापर्यंत घ्या."

हाशमभाईंनी खुर्ची पुढे केली. चाचांनी ती बाजूला सारली, काठी भिंतीला टेकवली आणि सरळ उभे राहिले. थोडे हलले, सावरले. हाशमभाई नेहमीसारखे क्षणभर थांबले. मग माझा पडदा उघडला आणि मिटला.

आता तुमच्यासाठी माझे एक मागणे. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी जुना कॅमेरा असेल, तर त्याला दमट जागी ठेवू नका, त्याची बॅटरी काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्याचा खटका ओढा. जुने फोटो असतील तर तेही जपा. पण नुसते जपू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: हा कोण, कुठला, काय काम करायचा. चेहरा मी टिपू शकतो, मित्रांनो. नाव मात्र तुम्हालाच लिहावे लागते.