वल्ह्यांकडची फळी

"काका, पाण्यात साखर विरघळवताय का?" होडीवाल्याने धक्क्यावरून विचारलं. होडी तिसऱ्यांदा स्वतःभोवती फिरून पुन्हा धक्क्याला टेकली होती.

लिफ्टवाल्याने वल्ही पुन्हा पाण्यात घातली. शहरातल्या चाळीस इमारतींच्या लिफ्ट सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. कुठलं बेअरिंग जाणार आहे, ते तो दोन मजले खालून नुसत्या आवाजावर सांगायचा. पण जंगलातल्या या तळ्यावर सतरा वर्षं येऊनही त्याने वल्हं कधी हातात घेतलं नव्हतं.

"दर वर्षी तर सरळ जायचात की."

"बायको वल्हवायची."

"मग काकूंना का नाही आणलं?"

होडीच्या मागच्या टोकाला लाइफ जॅकेट आवळून बसलेली लेक म्हणाली, "आई गेली. फेब्रुवारीत."

होडीवाला पायऱ्या उतरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने होडीचं तोंड समोरच्या काठाकडे वळवलं. "दोन्ही हात बरोबर चालवा. मी येऊ का सोडायला?"

"नको. मीच नेतो."

तंबू, स्टोव्ह, गळाची काठी, सगळं पायाशी पडलं होतं. पलीकडे झाडं पाण्यावर झुकली होती, तिथे तो आणि बायको दर वर्षी दोन रात्री राहायचे. बायको हॉस्पिटलात नर्स होती. दोघांना एकत्र रजा मिळायची ती तेवढीच. जाताना ती वल्ह्यांकडच्या फळीवर बसे आणि तो मागच्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून, पाण्यात गळ सोडून.

"बाबा, अर्धंसुद्धा नाही झालं अजून."

"तुला कोणी सांगितलं होतं यायला? बादलीभर पाण्याला घाबरतेस."

"एकट्याला होडी देत नाहीत म्हणून आले. हौस नाही मला."

तो हसला. बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "मागच्या वर्षी साधारण इथेच ती थांबली. म्हणाली, खांदा फार दुखतोय, जरा दम घेते. मी न वळताच म्हटलं, आत्ता नको, मासा लागतोय."

"मग?"

"मग काय. वल्हवत राहिली. पार त्या काठापर्यंत."

"आई रोज पेशंट उचलायची, बाबा. खांदा दुखायचाच तिचा. डॉक्टरांनासुद्धा आधी तसंच वाटलं, आजार नंतर कळला."

"डॉक्टर होडीत नव्हते."

डोळे पुसायला लेक पूर्ण पलीकडे वळली आणि तशीच पाण्याकडे बघत बसली.

आता त्याच्यासमोर तिची पाठ होती. नारिंगी जॅकेट, मानेवरचे सुटलेले केस, आणि त्यामागे लहान होत जाणारा धक्का. या फळीवरून एवढंच दिसत होतं. वल्हवणाऱ्याला जायचा काठ दिसतच नाही, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. सतरा वर्षं ती त्याच्या सांगण्यावर होडी वळवत आली होती, तो क्षणभर मान वळवून तिच्या पलीकडचा काठ बघायचा, 'डावीकडे घे, अजून जरा' म्हणायचा, आणि मग तिला बघायला पुन्हा समोर त्याची पाठ.

तळहाताची साल निघाली होती. तो ओढत राहिला. मग एकदा वल्ही वर आली ती तशीच राहिली. थेंब टपकत राहिले.

तेवढ्यानेही लेक वळली. "काय झालं, बाबा?"

तो तिच्याकडे बघत राहिला. होडी हळूहळू आडवी होत गेली.