येणाऱ्याने उतरायचे कुठे?

मित्रांनो, मी डोंगरातले एक जुने स्टेशन आहे. तुम्ही माझ्यासमोरून गेलाही असाल, पण तेव्हा बहुधा पुढचा बोगदा कधी येतो याकडेच तुमचे लक्ष असेल. एक दगडी खोली, एक बाक, तिकिटाची खिडकी आणि पाण्याची टाकी, एवढाच माझा संसार.

माझा जन्म तहानेमुळे झाला. कोळशाच्या इंजिनातले पाणी चढ चढता चढता इथवर संपत येई, म्हणून डोंगराचा खांदा सपाट करून मला बांधले. इंजिन पाणी पिई तोवर प्रवासी पाय मोकळे करत आणि म्हणत, "काय हवा आहे!" जणू ती हवा मीच तयार केली होती, अशा थाटात मी उभे राही.

पुढे डिझेलची इंजिने आली. त्यांना माझ्या पाण्याची गरज नव्हती. टाकीत पारवे राहू लागले. गावातली तरुण मुले कामासाठी शहरात गेली. आता कोणी उतरणार असेल किंवा फलाटावरून कोणी हात केला, तरच गाडी थांबे. मास्तरांच्या खिडकीतून तिकिटांपेक्षा जांभयाच जास्त बाहेर पडत.

एका सकाळी शहरातून एक साहेब आले. "इथे तिकिटंच खपत नाहीत. हा थांबा बंद करावा लागेल," ते मास्तरांना म्हणाले.

बातमी गावभर झाली. संध्याकाळच्या गाडीला फलाटावर ही गर्दी! सुतार, न्हावी, गिरणीवाला, सगळे मोठमोठ्या बॅगा घेऊन हजर. मला अगदी भरून आले. तेवढ्यात वारा सुटला आणि सुताराची बॅग आडवी झाली. भरलेली बॅग वाऱ्याने पडत नाही, मित्रांनो.

"कुठे निघालात?" साहेबांनी विचारले.

"मामाकडे," सुतार म्हणाला.

"अरे, तुझा मामा मीच ना?" गिरणीवाला बोलून गेला.

"हळू बोल की, मामा!"

साहेबांना हसू फुटले. 

बाकावर एक मावशी शाल घेऊन बसल्या होत्या. "तुमची बॅग कुठाय, मावशी?" साहेबांनी विचारले.

"मला कुठे जायचंय? लेक येतेय, तान्हं बाळ घेऊन. थांबा बंद झाला तर पुढच्या स्टेशनवर उतरून एवढा डोंगर तुडवत यायचं का तिनं?"

"पण इथली तिकीटविक्री..."

"तिचं तिकीट तिनं तिकडेच काढलं. ते इथे कसं दिसेल? तुमचंच बघा ना. सकाळी तुम्ही उतरलात कुठे?"

 साहेबांनी खिडकीपाशी जाऊन परतीचे तिकीट काढले. त्या दिवशी माझ्याकडे विकले गेलेले ते एकमेव तिकीट.

रूळ गुणगुणू लागले. लोखंडातून आवाज हवेपेक्षा लवकर पोचतो, त्यामुळे गाडी येतेय हे मला सगळ्यांच्या आधी कळते. साहेबांनी कडेला उभे राहून हात केला. गाडी थांबली. दारात लेक दिसली. साहेबांनी तिची पिशवी उतरवून घेतली, मावशींनी बाळाला शालीत गुंडाळले, आणि मगच साहेब गाडीत चढले.

थांबा राहिला. ते बाळ आता सुट्टीत येते आणि उतरल्या उतरल्या पारव्यांची पिल्ले बघायला टाकीकडे पळते.

मित्रांनो, त्या टाकीला दगड मारू नका. माझ्या बाकावर नावे कोरू नका. त्यावर कोणीतरी कोणाची तरी वाट बघत बसते. आणि कधी माझ्यासमोरून गेलात, तर खिडकीतून हात करा. त्याने गाडी थांबणार नाही, पण कोणीतरी येऊन गेल्यासारखे मला वाटेल.