रुखमाबाईंचा सत्कार

"बाई, उभ्या काऊन? बसा ना!" मुख्याध्यापकांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच रुखमाच्या मनात पाल चुकचुकली.

अहेरीच्या पुढच्या त्या सरकारी आश्रमशाळेत अर्धं आयुष्य ती पोरांसाठी रांधत आली होती. एवढ्या वर्षांत कुणी तिला साधं पाणी विचारलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात भाताची उकळती पेज उजव्या हातावर सांडली, बोटं आखडली, आणि तेव्हापासून सगळ्यांना तिचा भारी कळवळा येऊ लागला होता.

"शनिवारी तुमचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. आता घरी आराम करा."

घरी नवरा, लालसू, खूश झाला. "होऊ दे ना सत्कार! फोटो निंगते."

"या शाळेत ज्याच्या खांद्यावर शाल पडली, तो सोमवारी कधी दिसला का?" रुखमा म्हणाली. प्रत्येक निरोपाचा शिरा तिनेच तर ढवळला होता.

भाची स्वाती अहेरीत एका वकिलाकडे कामाला होती. रुखमाने तिला गाठलं.

"मावशी, नोकरीत असताना हात गेला तर सरकारले काढता येत नाई. चूल जमत नसन तर दुसरं काम द्या लागते, पगार तोच. पन चार लोकांत शाल घेतली, का संपलं. मंग म्हनतीन, बाई राजीखुशीनं गेली."

"हे सांगून तुले काय भेटते?"

"काईच नाई."

"मंग काऊन सांगून राह्यली?"

स्वाती हसली, रुखमा नाही. फुकटच्या सल्ल्यावर तिचा कधीच विश्वास नव्हता. त्या खुर्चीवर तर त्याहून नव्हता.

शनिवारी शिरा ढवळायला एक अनोळखी बाई उभी होती. कमळा, ठेकेदाराने आणलेली. म्हणजे जागा भरूनही झाली होती! रुखमाला संताप आला.

"रुखमाबाई स्वखुशीने निवृत्त होत आहेत," असं म्हणत मुख्याध्यापकांनी शाल उलगडली.

रुखमा मागे सरकली. "मी नाई जात, सर. हात कामावरच जळला ना? मले कोठीचं काम द्या. दानापानी काढून देतो एका हातानं. कायदा हाये तसा."

"कोनी सांगतलं तुमाले?"

भाचीचं नाव घ्यायला ती खुळी नव्हती. "मीच सांगून राह्यलो."

पोरांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक शालीची घडी घालू लागले, ती काही केल्या नीट बसेना.

मग बरेच दिवस तिला कुणी काम दिलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ती रोज येऊन कोठीच्या दारात बसायची. एका सकाळी शिपायाच्या हाती किल्ली आली. सर स्वतः आले नाहीत. रुखमाने आधी कुलूप उघडून पाहिलं, मगच किल्ली कमरेला खोवली.

चुलीपाशी मात्र आता कमळा होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही रुखमाचं लक्ष तिथेच जाई, आणि फार वाईट वाटे.

दुपारी कमळा पळीत वरण घेऊन आली. "बाई, जरा मीठ पाहता का?"

हिलाही काहीतरी पाहिजे असणार, रुखमाच्या मनात आलं. तरी सवयीने उजवा तळहात पुढे झाला, आखडलेल्या बोटांसकट.

"बाई, चटका!" वरण पडलं तशी कमळा ओरडली.

हाताला काहीच कळलं नव्हतं. रुखमाने फुंकर घातली आणि वरण जिभेला लावलं.

"थोडं कमी हाये," ती म्हणाली.