तिसऱ्या वळणावर सगळे आपटतात

"हे वळण नाहीये घिस्लँ, भिंत आहे भिंत! दहा पोरं बसवली, नऊ जणांनी इथेच आपटून खेळ सोडला."

"मग हात कच्चे आहेत त्यांचे! मला तर डोळे मिटून जमतं."

"तू हजार वेळा फिरलायस रे शहाण्या, ती पोरं पहिल्यांदा आली होती. शुक्रवारपर्यंत सुधार, नाहीतर उडवते हा ट्रॅक."

उडवायचा तो ट्रॅक म्हणजे मी, मित्रांनो. माँट्रियालच्या एका छोट्या कंपनीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम बनतोय, त्यातला सगळ्यात जुना. ओरडत होती ती मारिव्हॉन, तिथली मुख्य. घिस्लँने मला बनवलं. आधी मी नुसते करडे ठोकळे होतो. मग त्याने मला डोंगर दिला, बर्फ दिला, लांबलचक उतार दिला. सगळे म्हणायचे, काय सुसाट आहे रे हा! पण घिस्लँ रोज माझ्यावर फिरायचा, रोज कंटाळायचा, आणि कंटाळला की तिसरं वळण अजून थोडं आवळायचा. मला कळत होतं. पण मला विचारतो कोण?

त्या दिवशी रागाच्या भरात त्याने मला रुंद केलं आणि गाड्यांचा वेग निम्म्यावर आणला. नवी पोरं आली. एक जण तर एका हाताने बेगल खात खात जिंकला, वर जांभई दिली. आपटायचे तेव्हा निदान शिव्या तरी द्यायचे. जांभई? डोकंच फिरलं माझं.

गुरुवारी घिस्लँची मावशी वाटाण्याच्या सुपाचा डबा द्यायला आली. रेजान तिचं नाव. हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवते. घिस्लँने जुना वेग, जुनं वळण परत लावलं आणि तिला बसवलं. धडाम!

"मावशी, जरा हळू घ्यायचं ना!"

"हळू कशाला? रस्ता कुठे वळतोय ते दिसू दे की मेल्या! आमच्याकडे बर्फ पडायच्या आधी लोक कडेला काठ्या रोवतात, म्हणून मी बिनधास्त गाडी हाणते. तुझ्या काठ्या कुठायत?"

घिस्लँ तडक कामाला बसला. सूप तसंच गार झालं. त्याने वेग होता तेवढाच ठेवला, वळण जरासं सैल केलं आणि कडेने नारिंगी काठ्या रोवल्या. आधी लांब लांब, वळणाजवळ दाट.

शुक्रवारी एक नवी मुलगी बसली. मी नुसता तळमळत होतो. ती आपटली.

"छ्या! काठ्या दिसत होत्या, माझंच चुकलं."

परत आपटली. तिसऱ्यांदा सुर्रकन निघून गेली, खुर्चीतून उडालीच, आणि कुणी काही बोलायच्या आत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मागे उभी असलेली मारिव्हॉन एवढंच म्हणाली, "राहू दे याला."

मित्रांनो, कधी ट्रॅक बनवलात तर खुशाल अवघड करा, पळवा सुसाट. पण पुढचं वळण लपवू नका. आणि समोरचा पहिल्यांदाच आलाय हे... थांबा, ती परत रेषेवर आलीय. दिवे लागले. जायला हवं मला.