घराबाहेर न पडलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण घंटी वाजवत तुम्ही शाळेत नेता, त्या जातीची नाही. मला चाक एकच, आणि तेही पोटात. जमिनीशी त्याची कधी गाठ पडलेली नाही. माणसं माझ्यावर चढतात, पायडल मारतात, धापा टाकतात आणि उतरतात तेव्हा जिथं चढली होती तिथंच असतात. इतकं चालूनही मी अजून समोरची भिंत गाठलेली नाही. आता फार थकले आहे. यंत्रं गंजानं थकतात असं तुम्हाला वाटत असेल, आम्ही मात्र माणसांच्या निश्चयांनी थकतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकानं सांगाडा जोडला, दुसऱ्यानं पट्टा चढवला, आणि शेवटी एका बाईंनी हँडलवर मऊ रबरी मुठी बसवल्या. बसवता बसवता त्यांनी मोठी जांभई दिली. ती माझ्या अंगात शिरली असावी, कारण तेव्हापासून मला पुरती जाग अशी कधी आलीच नाही.

तिथून मी दुकानाच्या काचेमागे गेले. येणारा-जाणारा माझ्यावर बसून बघे. विक्रेता प्रत्येकाला सांगे, "ही घरात आली की पोट बाहेर गेलंच म्हणून समजा!" त्याचं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांशी रोज भांडत असे. पण तो माल विकणारा होता, वापरणारा नव्हता.

ज्या घरात मी आले त्या घरात एक शाळकरी मुलगी आहे. ती ज्यांना आई, बाबा आणि आजी म्हणते, त्यांना मीही तेच म्हणते. बाबा सोफ्यांच्या दुकानात नोकरीला आहेत. गिऱ्हाइकाला सोफा दाखवायचा म्हणजे त्यावर बसून दाखवायचा, मागं रेलून "आहाहा!" म्हणायचं, आणि मग पुढच्या सोफ्यावर बसायचं. हे काम बाबा मनापासून करत. एकदा दुकानाच्या जाहिरातीसाठी फोटो काढला. त्यात दोघांच्या सोफ्यावर बाबा एकटेच बसले होते आणि सोफा भरलेला दिसत होता. मालकांनी तो फोटो कौतुकानं भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन आले.

माझ्याबरोबर नवे बूट आले, कपाळाला बांधायची पट्टी आली, पाण्याची बाटली आली. लग्नातसुद्धा एवढी तयारी केली नव्हती, असं आजी म्हणाल्या. बाबांनी सगळ्यांना समोर बसवून जाहीर केलं, "मी सायकलवर असताना मला कुणी काही सांगायचं नाही आणि काही विचारायचं नाही. लक्ष विचलित होतं."

"बरं रे बाबा," आजी म्हणाल्या. "तपालाच बसतोयस म्हण की."

पहिले काही दिवस बाबांनी मला असं पिटाळलं की जणू पुढं चोर पळतोय. समोरच्या घरात एक काका राहतात. त्यांना सगळे प्रोटीनकाका म्हणतात, आणि ते रागवत नाहीत, उलट मान ताठ करतात. ते रोज तपासणीला येत.

"दुखलं का?"

"फार दुखतंय हो गुडघ्यात."

"मग लागू पडलं!"

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "आज जरा कमी दुखतंय."

"मग वाढवा!"

बाबांनी वाढवलं. साखर सोडली, तळलेलं सोडलं, शेवटी हसणंही सोडलं. सकाळी उठल्याबरोबर वजन करायचे. काटा हलला नाही की दिवसभर घर हलायचं. भाजीत मीठ जास्त, पंखा मोठ्यानं वाजतो, मुलगी पान फार जोरात उलटते. शेवटी मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही बारीक होईपर्यंत मी काकूकडे राहायला जाऊ का?"

मग एके दिवशी त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती बाबांनी इतकी मनावर घेतली की गुडघ्याची सूज उतरली तरी विश्रांती उतरली नाही. "ही सायकलच मुळात चुकीची बनवलीय," ते म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अंगणानं निमूट ऐकून घ्यायची असते.

त्यानंतर मी काय काय झाले, विचारू नका. टॉवेल वाळत घालायची दांडी झाले. इस्त्रीची वाट बघणाऱ्या शर्टांचा मुक्काम झाले. आजींची शाल, मुलीचं दप्तर, एकदा तर ओलं पायपुसणंही माझ्या बैठकीवर येऊन बसलं. डाव्या पायडलाचा पट्टा तुटला, साखळीच्या जागी असलेला माझा रबरी पट्टा कुरकुरू लागला. एवढ्या कपड्यांखाली मला मात्र झोप छान लागायची. खोटं कशाला सांगू?

आता आईविषयी सांगते. आई औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर काउंटरमागे उभी. वरच्या फळीवरचं सिरप काढा, खालच्या खणातली पट्टी काढा, म्हाताऱ्यांना गोळी जेवणाआधी की नंतर हे पुन्हा पुन्हा सांगा. संध्याकाळी घरी येते तेव्हा घोट्यांवर मोज्यांच्या रबराचे खोल वळ उमटलेले असतात. घरी आली की ओट्याशी उभी. एखाद्या वेळी खुर्चीत टेकलीच तर आतून हाक येणार, "अगं, बसलीच आहेस तर..." या वाक्याचा पुढचा भाग रोज वेगळा असे, पण तो ऐकायला आईला दर वेळी उठावं लागे.

एका संध्याकाळी सगळ्या खुर्च्यांवर धुतलेले कपडे होते. आईनं माझ्यावरचे शर्ट उचलून पलंगावर टाकले आणि ती माझ्यावर बसली. फक्त बसली. पाय लोंबकळत होते.

"अगं, माझा चष्मा कुठंय?" आतून बाबांनी विचारलं.

आई उठणार, एवढ्यात आजी म्हणाल्या, "ती सायकलवर आहे."

"बरं मग?"

"सायकलवर असलेल्या माणसाला काही विचारायचं नसतं. तूच म्हणाला होतास. शोध तुझा तू."

मग कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज आले. थोड्या वेळानं, "सापडला! माझ्या खिशातच होता," असंही ऐकू आलं. आईनं माझ्या हँडलवर दोन्ही हात ठेवले आणि एक लांब श्वास सोडला. इतका लांब श्वास माझ्यावर बसून आधी कुणी घेतलाच नव्हता. सगळे आखूडच घेत.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. स्वयंपाकाआधीचा अर्धा तास ती खिडकीकडे तोंड करून माझ्यावर बसायची. समोरच्या गच्चीवर कोण काय वाळत घालतं ते बघायची. पाय पायडलांवर ठेवलेले असायचे, आणि मोकळ्या पायांना हलायची सवय असते, ते आपोआप फिरू लागले. अगदी सावकाश. मित्रांनो, मला आयुष्यात प्रथमच असं माणूस भेटलं, ज्याला माझ्यावर बसून कुठंही पोचायचं नव्हतं. माझी कुरकुर त्या चालीत गाण्याच्या ठेक्यासारखी वाजायची, आणि आई त्यावर काहीबाही गुणगुणायची. शब्द तिला कुठलेच धड आठवत नसत.

असे बरेच महिने गेले. घोट्यांवरचे वळ उथळ झाले. जिना चढून आल्यावर ती दम खायला दाराशी थांबेनाशी झाली. रात्री ताटावर बसली की दुकानातल्या गमती सांगायची. "आज एक आजोबा खोकल्याचं औषध बदलून मागत होते. म्हणे, चव आवडली नाही, आंब्याचं द्या." मुलगी हसायची, आजी हसायच्या, बाबाही ताटातलं विसरून हसायचे.

इथंच घात झाला. बाबांच्या लक्षात आलं की बायको व्यायाम करते!

त्यांना खरंच आनंद झाला होता, यात कपट नव्हतं. उत्साह हा मुळातच वाईट नसतो, फक्त तो दुसऱ्याच्या कामात शिरला की पाय पसरतो. बाबांनी एक मोजयंत्र आणून माझ्या हँडलला जोडलं. पाय मंदावले की ते पींऽ पींऽ करायचं. भिंतीवर वेळापत्रक लागलं. स्वतः खुर्ची घेऊन शेजारी बसू लागले.

"अगं, एवढ्यात अर्धं बिस्किटसुद्धा जळलं नाही! जरा दम लाव."

प्रोटीनकाकांनाही बोलावणं गेलं. त्यांनी आईभोवती एक चक्कर मारली. "वहिनी, सगळं ठीक आहे, पण घाम कुठाय?"

"दुकानात विसरले," आई म्हणाली.

बाबा हसले, काका हसले. आई हसली नाही. त्या आठवड्यात ती माझ्यावर यायची थांबली. कुणी विचारलं तर म्हणे, वेळ नाही. पुन्हा तेच, दारातून थेट ओट्याशी. वळ परत आले, गाणं गेलं, जेवताना गमतींऐवजी वाढण्याचा आवाज तेवढा यायचा. माझ्यावर शर्ट परतले. मला झोप मात्र आता लागेना.

बाबांनी काही दिवस वाट पाहिली. मग जवळच्या मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंना निरोप धाडला, सायकल द्यायची आहे, बघून जा. वसतिगृह म्हटल्यावर माझं चाक गारठलं. एवढ्या मुली, आणि प्रत्येकीचा निश्चय वेगळा!

बाई आल्या. भारदस्त, बोलक्या. माझ्यावर बसून त्यांनी दोन फेरे मारले. "कुरकुरते, पण चालते की छान. आजच नेते."

त्याच वेळी आई दुकानातून आली. दारातच थांबली. हातातली पिशवीही तिनं खाली ठेवली नाही.

"कुठं नेताय?"

"तू बसत नाहीस ना," बाबा म्हणाले. "उगाच जागा अडते. आणि तुला व्यायामाचा कंटाळा आला तर माझी काही जबरदस्ती नाही हं."

"मी व्यायामाला बसतच नव्हते."

"मग?"

"मी बसायला बसत होते." आईचा आवाज चढलेला नव्हता. औषध कधी घ्यायचं हे सांगतानाचा आवाज होता तो. "या घरात मला बसायला जागा नव्हती म्हणून बसत होते."

"अगं, एवढ्या खुर्च्या आहेत!"

"खुर्चीवर बसले की तुम्हाला चहा आठवतो."

बाई माझ्यावरून हळूच उतरल्या. दोन माणसांच्या मधे बसून पायडल मारायची ही वेळ नाही, एवढं त्यांना कळलं.

"पाय फिरत होते, बरं वाटत होतं," आई म्हणाली. "दिवसातला तेवढाच वेळ माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं. तुम्ही त्याचाही हिशेब मागायला लागलात. घाम दाखव, दम दाखव. अहो, दिवसभर लोकांना दाखवतेच आहे ना मी? तेवढं तरी न दाखवता करू द्या."

बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक 'नको' म्हणालं तर द्यायला त्यांच्याकडे पाठ केलेली उत्तरं होती. या 'नको'ला एकही लागू पडेना. त्यांनी आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? मी तर तिच्याच बाजूची. कधीपासून सांगायचं होतं, पण तू ऐकायला मोकळा कुठं होतास? बिस्किटं मोजत होतास."

"मी पुन्हा कधीतरी येईन," बाई म्हणाल्या, आणि जाता जाता आईच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

बाबांनी पेचकस आणला. मोजयंत्र काढताना त्यांनी एक स्क्रू हरवला आणि माझ्या मुठीला ओरखडा पाडला, पण काढलं. वेळापत्रकही उतरलं. "मग त्या वेळात मी काय करायचं?" त्यांनी विचारलं. शेजारची खुर्ची रिकामी करावी लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"मला फिरायला ने," आजी म्हणाल्या. "आणि वाटेत व्यायामाचं बोलू नकोस."

तेव्हापासून ती दोघं संध्याकाळी बाहेर पडतात. आजी प्रत्येक फाटकाशी थांबतात, प्रत्येक कुत्र्याची चौकशी करतात. एवढ्या संथ चालीला बाबांचा गुडघा कुरकुरत नाही. परत येताना भाजीही येते, आणि कांदा चिरायचा कसा हे बाबा आता, थोडं रडून का होईना, शिकले आहेत. पोट अजून आहे. पण ते हसताना हलतं, आणि घरात पुन्हा हसू आहे.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची नाही. पट्टा झिजलाय, सांधे सैल झालेत. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावरचे कपडे उचला, तिच्या सांध्यांत दोन थेंब तेल सोडा. तिला दामटू नका, आणि स्वतःलाही दामटू नका. उद्याही यावंसं वाटेल एवढंच आज करा. आणि तिच्यावर घरातलं कुणी बसलेलं दिसलं, तर किती झालं, असं विचारू नका. पाण्याचा पेला शेजारी ठेवा आणि निघून जा.

काल संध्याकाळी आई आली, बसली, चार वेळा पाय फिरवले आणि हँडलवर डोकं टेकून झोपी गेली. मी चाक घट्ट धरून ठेवलं, कुरकुर होऊ दिली नाही.