बुखाऱ्याच्या नानावरचा ठसा

मित्रांनो, मी बुखाऱ्यातल्या एका भट्टीवरचा जुना ठसा आहे. कच्च्या नानाच्या मधोमध काटे टोचून फूल उठवणे हे माझे काम. अंगाने मी अक्रोडाचा, मुठीत मावणारा. कातारीदादांनी मला कातले तेव्हा गुदगुल्या झाल्या, असे मी सगळ्यांना सांगतो. खरे तर दुखले होते. मग तोंडात लोखंडी काटे बसवले. माझ्या पणजोबांच्या काळी म्हणे कोंबडीच्या पिसांचे देठ लावत. ते माझ्याहून मवाळ असावेत.

माझी पहिली मालकीण म्हणजे आताच्या मालकिणीची, ओयनिसा आपाची, सासू. तिच्या काळात माझा रुबाब होता. साखरपुड्याला नान मोडण्याआधी पाहुणे माझ्या फुलावरून बोट फिरवत. पुढे बाजारात प्लास्टिकच्या मुठीचे चकचकीत ठसे आले आणि मी कलौंजीच्या डब्यात जाऊन पडलो. अंधारात पडल्या पडल्या एकच विचार करायचो. आपण टोचतो, पण कशासाठी? भट्टीच्या आत मला कधी कुणी नेले नव्हते. नक्षीसाठीच आपला जन्म, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

मग एका उन्हाळ्यात डब्याचे झाकण उघडले. मोहिचेहरा नावाची एक मुलगी आत डोकावत होती. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी याच गल्लीत होती, आणि ही पोर शिकवणीला निघून बऱ्याचदा भट्टीवर पोचायची.

"आपा, हा काय आहे? याला काटे का? मधेच का टोचायचं, कडेला का नाही?"

"पोरी, तोंड आहे का गिरणी?" ओयनिसा आपा म्हणाली. "मधे टोचलं नाही तर नान फुगतो. फुगला की भट्टीची भिंत सोडतो आणि पडतो निखाऱ्यात. धू त्याला, आणि पुसून कोरडा कर. गंजेल."

मित्रांनो, एवढे आयुष्य गेल्यावर मी कशासाठी आहे हे मला त्या दिवशी कळले. तेही दुसऱ्याने विचारले म्हणून.

मोहिचेहराला आपाची शागीर्द व्हायचे होते. पण आमच्याकडे उस्ताद आपल्या मनाने शागीर्द घेत नाही. आईने किंवा बापाने मुलाचे मनगट उस्तादापुढे धरून म्हणायचे असते, "मांस तुमचं, हाडं आमची." म्हणजे राबवा, रागवा, पण लेकरू धड राहू द्या. हे वाक्य होईपर्यंत मोहिचेहराने झाडावे, पीठ मळावे, मला धुवावे. भट्टीत हात घालायला मात्र बंदी.

आणि तिची आई सबोहत हे वाक्य म्हणायला तयार नव्हती. ती दवाखान्यात नर्स. मुलीने कॉलेजात जावे ही तिची फार दिवसांची इच्छा. परीक्षेची नावनोंदणी शुक्रवारी बंद होणार होती. गुरुवारी ती तरातरा भट्टीवर आली.

"आपा, माझी मुलगी परत द्या."

"मी बांधून ठेवलीय का गं? ती बघ, पीठ मळतेय. ने. हात तेवढे धुऊ दे तिला."

"आधी कॉलेज करू दे. मग भाजू दे हवे तेवढे नान."

"तोवर मी असेन का, ते माझ्या दुखऱ्या कोपरांना विचार."

"हात भाजतील तिचे."

"भाजतीलच. माझ्या हातावर एक तरी केस दिसतो का? तुम्ही बाया मेण लावून काढता, माझे भट्टी काढते."

सबोहतला हसू आले होते. ते तिने गिळले आणि लेकीवर डोळे वटारले. "शिकवणीत तोंड उघडत नाहीस म्हणतात सर. इथे काय करतेस गं दिवसभर?"

"प्रश्न विचारते."

"कसले?"

मोहिचेहराने लाटलेला एक नान पुढे सरकवला आणि मला आईच्या हातात ठेवले. "टोचून बघ."

त्या हाताला स्पिरिटचा वास होता. एवढी रागात होती, तरी तिने मला इतके हळू टेकवले, जणू रडक्या पोराला इंजेक्शन देते आहे. मला पुढचे दिसत होते, पण ठशाचे ऐकते कोण. आपाने तो नान भट्टीच्या भिंतीवर थापला. थोड्या वेळाने आत धप्प आवाज झाला.

"पडला," आपा म्हणाली.

"कुणाचा?" सबोहतने विचारले.

"पाहुण्यांचा."

आमच्याकडे नान फेकत नाहीत. मोहिचेहराने तो चिमट्याने काढला, राख झटकली आणि आईच्या हातावर ठेवला. सबोहतने तो उलटसुलट करून पाहिला.

"का पडला गं?"

"तू हळू टोचलंस. मधे फुगला. पिठाला दुखत नाही, आई."

"मग किती जोर लावायचा?"

"ते मलाही अजून येत नाही," मोहिचेहरा म्हणाली. "तेच तर शिकायचंय."

सबोहत उभ्याउभ्याच तो नान खाऊ लागली. राखेचे कण दाताखाली करकरत होते.

"आमच्या वॉर्डात नव्या मुली येतात," घास गिळून ती म्हणाली. "पुस्तकात सगळं पाठ असतं. तरी पहिल्या सुईला माझा हात त्यांच्या हातावर ठेवावाच लागतो."

मग तिने लेकीचे मनगट धरले आणि आपापुढे केले. "मांस तुमचं, हाडं आमची." जरा थांबून म्हणाली, "आणि भाजलं तर मलम मीच लावणार. तुमचं ते तेल-मीठ चालणार नाही."

आपाने दोन्ही तळवे उघडून दुआ मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले. मग भट्टीत हात घालताना चढवायची जाड बाही भिंतीवरून काढून मोहिचेहराकडे फेकली. "चढव. आणि केस बांध आधी."

मित्रांनो, हत्यार वापरून झाले की पुसून कोरडे ठेवा, एवढे आमचे मागणे आहे. आणि तुमच्या घरात कुणी म्हणाले, मला हाताचे काम शिकायचे आहे, तर लगेच नाही म्हणू नका, लगेच होही म्हणू नका. त्याच्या हातात जे आहे ते एकदा तुमच्या हातात घेऊन पाहा.

मोहिचेहराचा पहिला नान पडला. दुसराही पडला. ज्या शुक्रवारी नावनोंदणी बंद झाली, त्या दिवशी त्यांच्या घरी सगळे जण राख झटकत जेवले, आणि सबोहतने लेकीच्या बोटांना मलम लावले.