लाल फुली

डेस हॅलोरनला फोटोंचं वेड होतं, पण हाताला रक्त लागलेलं त्याला खपत नसे. ते खातं लॉरेनचं. ओढ्याकाठच्या रोजच्या फेरीत रस्त्यावर गाडीखाली आलेली एखादी कांगारूची मादी दिसली, की बायको गुडघे टेकून तिच्या पोटाच्या पिशवीत हात घालायची, आणि हा बहाद्दर पाठ फिरवून झाडावरच्या कुकाबुरा पक्ष्याचे फोटो काढत बसायचा. पिल्लू नसलं की लॉरेन त्या मेलेल्या जनावरावर लाल रंगाची फुली मारायची. मग मागून येणारं कुणी गाडी थांबवत नाही. बघणाऱ्याने बघितलंय, एवढाच त्या फुलीचा अर्थ.

लॉरेन भर उन्हाळ्यात, जानेवारीत गेली. आता जुलैची थंडी पडली होती आणि रंगाचा डबा डेसच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत आला होता.

त्या सकाळी धुक्यात पुलाजवळ फाटक्या कानाची वॉलबी, कांगारूचीच लहान जात, आडवी पडलेली दिसली. ओढ्याकाठी ती रोज भेटायची, नेच्याची पानं खाताना मान वर करून या दोघांकडे तोऱ्यात बघायची. लॉरेन तिला ‘बाईसाहेब’ म्हणे. डेसने डोळे मिटून तिच्या पोटाच्या पिशवीत हात घातला. पिल्लू नव्हतं. लांबट, दोरीसारखं काहीतरी बोटांना लागलं तसा त्याने हात बाहेर ओढला, फुली मारली आणि घर गाठलं.

दुपारी चैन पडेना, म्हणून तो बाईसाहेबांचे जुने फोटो बघत बसला. आठवड्यापूर्वीचा एक त्याने मोठा करून पाहिला. पिशवीच्या तोंडातून दोन काळे डोळे आणि एक पंजा बाहेर आलेला होता. कॅमेऱ्याला दिसलं ते याला दिसलं नव्हतं.

त्याने ग्लेनिसला फोन लावला. अनाथ पिल्लं वाढवायचं काम ती आणि लॉरेन जोडीने करत आल्या होत्या.

“पिशवी रिकामी होती गं. मी स्वतः बघितली.”

“बघितलीस की नुसती चाचपलीस?”

डेसने फोटोतल्या त्या पंजाकडे पाहिलं.

“खरं बोल. एखादं आचळ लांब लागलं का हाताला?”

“दोरीसारखं काहीतरी होतं.”

“अरे देवा! म्हणजे पितंय अजून. बाहेर उड्या मारायच्या आणि भूक लागली की आत शिरायचं, तेवढं झालंय. धडक बसली तेव्हा बाहेर असणार. ते आईला सोडून कुठे जातंय!”

“ग्लेनिस, मी फुली मारलीय.”

“माहितीये. नऊच्या सुमाराला मी तिथूनच गेले. थांबणार होते. फुली दिसली, म्हटलं डेसने बघितलंय.”

त्याला वाटलं, तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आता रडत बसू नकोस,” ती म्हणाली. “मला यायला वेळ लागेल, तू हो पुढे. मागे धावायचं नाही, भीतीनेच मरेल. लॉरेनची लोकरीची पिशवी आहे ना? ती उघडी धरून खाली बैस. आणि तोंड बंद.”

पिशवी स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला होती. लॉरेनने स्वतः विणलेली. आत पिल्लू घालून ती गळ्यात अडकवायची आणि तशीच भाजी चिरायची. तिच्या केसांचा, निलगिरीच्या तेलाचा वास अजून लोकरीत होता. रोज फेरीला निघताना डेस तिच्यात तोंड खुपसून उभा राहायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी ती धुवायला घेऊन चालली होती तेव्हा मात्र तिच्यावर असा खेकसला होता, की पोरगी रडत माघारी गेली.

त्याने पिशवी काढली. या वेळी तोंड खुपसायला थांबला नाही.

पुलाजवळ त्याने बाईसाहेबांना दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडेच्या गवतात ओढून आणलं. हात बरबटले. मग पिशवीचं तोंड उघडं धरून तो ओल्या जमिनीवर बसला. कॅमेरा गाडीतच होता. ऊन कलत चाललं, गुडघे आखडले. समोर ती फुली होती, ताजी, लालभडक. आपल्या हाताने आपण एका जिवाला दिवसभर मेल्यात जमा केलं, हे त्याच्या मनातून जाईना.

झुडूप हललं. पिल्लू लटपटत बाहेर आलं, आईच्या पोटाशी गेलं, पिशवीत तोंड घातलं, मागे झालं. फुलीवरचा रंग हुंगून शिंकलं. मग त्याने डेसकडे पाहिलं. डेसने श्वास रोखून धरला. पिल्लू दोन उड्या मारून जवळ आलं, लोकर हुंगली आणि डोकं खाली घालून सरळ आत शिरलं. आत कोलांटी घेऊन वळलं. लांब पाय तेवढे बाहेर राहिले.

ग्लेनिस आली तेव्हा झाडांमागे थोडाच उजेड उरला होता. तिने पिशवीत हात घातला.

“गार पडलंय. पण धुगधुगी आहे. रात्र काढली तर जगेल.” तिने पिशवी गळ्यात अडकवली आणि थबकली. “माझ्याकडे दुसरी आहे रे. बदलू का? ही लॉरेनची...”

“नको. आता कुठे थरथरायचं थांबलंय.”

“मग महिनोन्‌महिने यातच राहील ते. मुतेल, दूध सांडेल. परत देईन तेव्हा धुऊनच द्यावी लागेल.”

डेसने पिशवीकडे पाहिलं. “धुऊन दे,” तो म्हणाला.

“नाही जगलं तर फोन करते.”

दुसऱ्या सकाळी फेरीला निघताना तो सवयीने दाराआड गेला. नुसता खिळा होता. रात्रभर फोन वाजला नव्हता. खिळ्यावर हात ठेवून डेस तिथेच उभा राहिला, आणि लॉरेन गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडला.